जोते तपासणी, सळई आणि ५३ ची नोटीस: नव्या कनिष्ठ अभियंत्याने जागेवर नेमकं काय पाहायचं?

नवारुजू

नमस्कार मंडळी. 'ड' वर्ग महानगरपालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात कनिष्ठ अभियंता (स्थापत्य) म्हणून रुजू झालो आहे. जोते तपासणी आणि अनधिकृत बांधकामाच्या तक्रारी, दोन्ही कामं माझ्याकडे आहेत. एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली (यूडीसीपीआर २०२०) वाचून काढली, पण जागेवर टेप कुठून धरायची हे त्यात कळत नाही. चार शंका आहेत.

१) सामासिक अंतर (इमारत आणि प्लॉटची हद्द यांच्यामधली मोकळी जागा) मोजताना हद्द कुठली धरायची? बहुतेक प्लॉटना आधीच कंपाउंड वॉल असते.
२) जोते काटकोनात आहे, कर्णही जुळतात, एवढ्यावर 'मंजूर नकाशाप्रमाणे' असा शेरा मारता येतो का?
३) सळई, रिंगा (कॉलमच्या सळयांभोवतीची कडी), कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) हे आपण पाहायचं की ते स्ट्रक्चरल इंजिनिअरचं काम म्हणून सोडायचं?
४) महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचं कलम ५३, कलम ५४ आणि महानगरपालिका अधिनियमाचं कलम २६०, यातली कोणती नोटीस कधी लावायची?

---

ओळंबा

स्वागत. पहिल्या दोन शंकांचं सांगतो, कारण पुढचे निम्मे वाद इथेच जन्माला येतात.

हद्द म्हणजे कंपाउंड वॉल नव्हे. हद्द म्हणजे भूमी अभिलेखच्या मोजणीच्या खुणा. त्यामुळे जागेवर जाताना मंजूर नकाशासोबत मोजणीची 'क' प्रत (भूमी अभिलेखचा मोजणी नकाशा) हातात हवी. निघण्यापूर्वी ऑफिसमध्येच दोन्हींवरच्या प्लॉटच्या बाजू ताडून बघा. नकाशावर एक बाजू २०.०० मी. आणि 'क' प्रतीवर १९.७० मी. असेल, तर जागेवर कितीही बारकाईने मोजलंत तरी उपयोग नाही. ते ३० सें.मी. कुठल्यातरी सामासिक अंतरातूनच जाणार. कंपाउंड मालकाने पूर्ण स्वतःच्या जागेत बांधलं असेल, तर हद्द भिंतीच्या बाहेरच्या अंगाला येते. भिंत सामाईक असेल, तर मध्यावर. २३० मि.मी.च्या भिंतीत हा फरक ११५ मि.मी.चा पडतो. दीड मीटरच्या अंतरात तो फार झाला.

समोरच्या बाजूला आणखी एक गोम आहे. विकास योजनेत रस्ता ९ मी. दाखवलाय, प्रत्यक्षात ७.५० मी. आहे आणि रुंदीकरण दोन्ही बाजूंनी सारखं आहे, तर तुमच्या प्लॉटमधले ०.७५ मी. रस्त्यात जाणार. पुढचं सामासिक अंतर त्या नव्या रस्तारेषेपासून धरायचं, आजच्या डांबराच्या कडेपासून किंवा गटारापासून नाही. जुन्या गावठाणालगत तर हे हमखास चुकतं.

आता कर्ण. १२.०० × ९.०० मी.च्या जोत्याचे दोन्ही कर्ण १५.०० मी. भरले, तर जोते काटकोनात आहे एवढंच सिद्ध होतं. ते हद्दीला समांतर आहे हे सिद्ध होत नाही. लाईनआउट (पायाची जागेवर आखणी) करताना दोरी एक अंश जरी फिरली, तरी संपूर्ण चौकट तशीच्या तशी फिरते. कर्ण जुळतातच, पण १२ मीटरच्या बाजूला एका टोकाला १.५० मी. अंतर असेल तर दुसऱ्या टोकाला १.२९ मी. राहतं. २१ सें.मी. गेले आणि कर्णाने ते पकडले नाहीत. म्हणून नियम एकच: प्रत्येक बाजूचं अंतर दोन्ही टोकांना मोजायचं. चार बाजू, आठ मापं. आठही आकडे जागेवरच, नकाशाच्या प्रतीवर त्या त्या कोपऱ्यापाशी पेनाने लिहायचे. ऑफिसात येऊन आठवून लिहिलेलं माप म्हणजे अंदाजच.

माप कुठपर्यंत घ्यायचं? हद्दीला काटकोनात, आणि इमारतीच्या सर्वांत बाहेर आलेल्या भागापर्यंत. जोत्याच्या पातळीला कॉलम बहुतेक वेळा भिंतीच्या बाहेर ५०-७५ मि.मी. आलेले असतात. ठेकेदाराचा माणूस टेपचं टोक भिंतीच्या रेषेला धरतो, तेव्हा त्याला कॉलमच्या तोंडाला धरायला लावा. शिवाय बाहेरचं प्लास्टर साधारण २० मि.मी. असतं. जोत्याला अगदी काटेकोर १.५० असेल तर भोगवट्याच्या (इमारत पूर्ण झाल्यावर वापराच्या दाखल्याच्या) वेळी ते १.४८ भरणार. दगडी क्लॅडिंग लावणार असतील तर आणखी कमी. आर्किटेक्टला हे जोत्यालाच सांगून ठेवा, तेव्हा दुरुस्ती सोपी असते.

टेपबद्दल: ३० मीटरची स्टीलची टेप ठेवा. फायबरची ओढली की ताणते. सुरुवातीची कडी झिजलेली असेल तर १ मी.च्या खुणेवरून धरतात. तसं कराल तर वाचलेल्या आकड्यातून १ मी. वजा करायचा, आणि 'वजा केला' असं बाजूला लिहायचं. लेझर मीटर चांगलं आहे, पण दुपारच्या उन्हात लाल ठिपका दिसत नाही. पांढरा पुठ्ठा किंवा फळी दुसऱ्या टोकाला धरायला लावा, आणि लेझर आडवा नीट लेव्हलला आहे ना ते बघा. तिरका गेला की माप जास्तच येतं, कधीच कमी येत नाही.

जोत्याची उंची मोजताना सभोवतालची मूळ जमीन धरा. मुरूम टाकून भराव केलेला असेल तर कोपऱ्यात एक हातभर खणून बघायला सांगा, मूळ थर लगेच दिसतो. उताराच्या प्लॉटवर हे सोडलंत, तर मागच्या बाजूला अख्खा एक मजला 'जोत्याखाली' तयार होतो.

---

बारबेंडिंग_शेड्यूल

तिसऱ्या शंकेवर. कायद्याने जबाबदारी नेमलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरची आणि देखरेख करणाऱ्या परवानाधारकाची (परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरची) आहे. तुम्ही सळई 'पास' करत नाही, तसा शब्दही कुठे लिहू नका. पण डोळ्यांसमोर चुकीचं दिसत असताना गप्प बसणं बरोबर नाही. जे दिसलं ते लिहायचं आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी खुलासा मागवायचा.

जोत्याला कॉलमचे स्टार्टर (वरच्या कॉलमसाठी बाहेर ठेवलेल्या सळया) उघडे असतात, तेव्हा दोन मिनिटांत बघण्यासारख्या गोष्टी:

रिंगेचा हूक. आयएस १३९२० (भूकंपरोधक सळई-रचनेचं भारतीय मानक) प्रमाणे तो १३५ अंशात आत वळलेला हवा, आणि वळणानंतरची शेपटी रिंगेच्या व्यासाच्या ६ पट, पण ६५ मि.मी.पेक्षा कमी नाही. ८ मि.मी.च्या रिंगेला ६ पट म्हणजे ४८ होतात, म्हणून तिथे ६५ हवेत. फिटर ९० अंशात वाकवतात कारण ते झटपट होतं. भूकंपात कव्हरचं काँक्रीट उडालं की ९० अंशाची रिंग उघडते, आतल्या सळया बाहेर फुगतात आणि कॉलम बसतो. १३५ अंशाचा हूक काँक्रीटच्या गाभ्यात रुतलेला असतो, तो सुटत नाही.

रिंगांमधलं अंतर. कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकाला ते जवळ हवं. ३०० × ४५० च्या कॉलममध्ये १६ मि.मी.च्या सळया असतील तर तीन आकडे काढा: लहान बाजूचा चौथा भाग ७५, सळईच्या ६ पट ९६, आणि १००. यातला सर्वांत लहान, म्हणजे ७५ मि.मी. ही दाट रिंगांची पट्टी किमान ४५० मि.मी. उंचीची हवी आणि ती बीमच्या सांध्यातूनही पुढे गेली पाहिजे. सांध्यात रिंगा घालणं त्रासाचं असतं, म्हणून नेमक्या तिथेच गाळतात. टेपही लागत नाही. हाताची चार बोटं जुळवून रिंगांमध्ये घाला. मागेपुढे मोकळी फिरली तर मोजायला घ्या.

जोड. स्टार्टरच्या सळया जोत्याच्या अगदी वर, सगळ्या एकाच पातळीला जोडलेल्या दिसतात. १३९२० ला जोड कॉलमच्या उंचीच्या मधल्या निम्म्या भागात हवा.

कव्हर. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे कॉलमला ४०, फुटिंगला ५०, स्लॅबला सौम्य वातावरणात २० मि.मी. खडीचे तुकडे किंवा फरशीचे काप सळईखाली सरकवलेले दिसले तर नोंद करा. ते व्हायब्रेटरने निसटतात आणि सळई थेट फळीला टेकते. किनारपट्टीला अशा स्लॅबची खालची पोपडी फार लवकर सुटते.

स्लॅबचे टेकू लवकर काढणं हा वेगळाच धोका. साध्या सिमेंटला, ४.५ मी.पर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस आणि त्यावरच्या गाळ्याला १४ दिवस. बीमला ६ मी.पर्यंत १४ आणि त्यापुढे २१ दिवस. हल्ली राखमिश्रित पीपीसी सिमेंट सगळीकडे वापरतात, त्याला मजबुती सावकाश येते, म्हणून हे दिवस कमीत कमी समजा. स्लॅब ओतल्याची तारीख साइटच्या नोंदवहीत बघा आणि क्यूबच्या (मजबुती तपासायच्या काँक्रीटच्या ठोकळ्याच्या) अहवालाशी जुळवा. क्यूब २८ दिवसांचा म्हणतात आणि दोन तारखांमध्ये १९ दिवसच भरतात, असं असेल तर अहवाल बाजूला ठेवून खुलासा मागवा.

आणि खड्ड्यात उतरताना: १.५ मी.पेक्षा खोल चर बिनआधाराचा असेल तर उतरू नका, मजुरांनाही वर काढायला सांगा. काळ्या मातीत पावसाळ्यात उभी कड फारशी इशारा न देता सुटते. शेजारच्या इमारतीचा पाया उघडा पडलेला दिसला तर त्याच क्षणी काम थांबवण्यासाठी वरिष्ठांना कळवा, मोजमाप नंतर.

---

टिपणी_सादर

नोटिशीचं सांगतो. मापं अचूक असूनही प्रकरण कागदावर हरतं ते या टप्प्यावर.

काम चालू आहे की झालंय, हा पहिला प्रश्न. चालू असेल तर कलम ५४ ची काम थांबवण्याची नोटीस, किंवा महानगरपालिका अधिनियमाचं कलम २६७. पूर्ण झालेलं किंवा बऱ्यापैकी उभं राहिलेलं अनधिकृत बांधकाम असेल तर कलम ५३, त्यात पाडण्यासाठी त्या कलमात दिलेली मुदत द्यावी लागते. तात्पुरत्या स्वरूपाचं काही, म्हणजे बांबू-ताडपत्रीची शेड वगैरे, असेल तर कलम ५५ आणि १५ दिवस. कलम २६० हे महानगरपालिका अधिनियमातलं: आधी कारणे दाखवा, खुलासा असमाधानकारक वाटला तर काढून टाकण्याचा आदेश. दोन्ही कायद्यांची खिचडी एका नोटिशीत करू नका. कोणता मार्ग घेतला हे शीर्षकात एकदाच स्पष्ट लिहा.

चालू कामाला ५४ त्याच दिवशी लावण्याची सवय ठेवा. ठाण्याजवळ शीळफाट्याला ४ एप्रिल २०१३ रोजी बांधकाम सुरू असलेली अनधिकृत इमारत कोसळली, ७४ माणसं गेली. वर मजले चढत असतानाच खाली माणसं राहायला आली होती. स्लॅबवर स्लॅब पडायला वेळ लागत नाही, आपली टिपणी वर जायला मात्र लागतो.

सही कोणाची, हे तपासा. नोटिशीचे अधिकार आयुक्तांचे असतात आणि ते लेखी आदेशाने पदनिर्देशित अधिकाऱ्याला दिलेले असतात. तो आदेश क्रमांक नोटिशीत टाका. अधिकार नसलेल्या माणसाच्या सहीची नोटीस पहिल्याच तारखेला टिकत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा १३ नोव्हेंबर २०२४ चा निकाल आता रोजच्या कामाचा भाग आहे. पाडकामापूर्वीची नोटीस रजिस्टर पोस्ट एडीने, शिवाय बांधकामावर चिकटवायची. नोटीस मिळाल्यापासून किमान १५ दिवस, स्थानिक कायद्यात जास्त मुदत असेल तर तीच. नोटीस काढली की जिल्हाधिकारी कार्यालयाला ईमेल करायचा, मागच्या तारखेची नोटीस असल्याचा आरोप राहत नाही. प्रत्यक्ष सुनावणी, कारणांसह आदेश, आदेशानंतर पुन्हा १५ दिवस, पाडण्यापूर्वी दोन पंचांच्या सहीचा पाहणी अहवाल, आणि पाडकामाचं चित्रीकरण. रस्ता, पदपथ, रेल्वे रूळ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागेवरच्या बांधकामाला आणि न्यायालयाने पाडायला सांगितलेल्या बांधकामाला हा निकाल लागू नाही. पण मग जागा सार्वजनिक आहे हे तुमच्याच कागदावर सिद्ध व्हायला हवं.

५३ ची नोटीस मिळाली की मालक त्याच मुदतीत बांधकाम कायम ठेवण्यासाठी कलम ४४ खाली अर्ज करू शकतो. त्याचा निकाल लागेपर्यंत नोटीस थांबते. म्हणून परवानगी शाखेकडून असा अर्ज आलाय का, हे लेखी घेतल्याशिवाय पुढची टिपणी ठेवू नका. दिवाणी न्यायालयात कॅव्हेट (आपलं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज) टाकायची असेल तर ती ९० दिवसच चालते, तारीख डायरीत लिहून ठेवा.

आता पंचनामा. 'अंदाजे ८० चौ. फूट पत्र्याची खोली बांधली आहे' असं लिहिलं की समोरचा वकील एवढंच विचारतो: अंदाज कोणाचा? असं लिहा:

"मंजूर नकाशानुसार पूर्वेकडील सामासिक अंतर १.५० मी. जागेवर ईशान्य कोपऱ्यात १.५० मी. व आग्नेय कोपऱ्यात १.२९ मी. आढळले. पश्चिमेकडील सामासिक अंतरात ३.२० मी. × २.४० मी. मापाची, १५० मि.मी. जाडीच्या विटांच्या भिंतींची, पत्र्याचे छप्पर असलेली खोली आढळली. क्षेत्र ७.६८ चौ.मी., उंची २.६० मी. प्लास्टर झालेले नाही. पाहणीच्या वेळी दोन कामगार जोडकाम करत होते."

शेवटची दोन वाक्यं लोक गाळतात, आणि काम चालू होतं की जुनं आहे हा वाद नेमका त्यांच्यावरच ठरतो. वेळ, चतुःसीमा, हजर असणाऱ्यांची नावं, हातकाम नकाशा, अक्षांश-रेखांशासह फोटो. एक फोटो असा हवा की ज्यात शेजारची ओळखीची खूण, म्हणजे विजेचा खांब किंवा दुकानाची पाटी, आणि बांधकाम दोन्ही येतील. नुसत्या विटांचा फोटो कुठल्याही गावचा असू शकतो.

---

नवारुजू

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ मापांचा मुद्दा आणि पंचनाम्याचा नमुना डायरीत चिकटवून ठेवतो. दोन छोट्या शंका राहिल्या. तळमजल्यावर पार्किंग आहे, नकाशात दोन कॉलमच्या मध्ये दोन गाड्या दाखवल्यात. आणि भोगवट्याच्या पाहणीत बाल्कनी बंद केलेली दिसली, तर ते उल्लंघन धरायचं का?

---

कोरा_ट्रेसिंग

परवानाधारकाच्या टेबलावरून सांगते. पार्किंगचा प्रश्न जोत्यालाच पकडता येतो हे फार थोड्यांना सुचतं, म्हणून चांगलं विचारलंत.

गाडीची जागा २.५० × ५.०० मी. दोन गाड्यांना मोकळे ५.०० मी. हवेत. ड्रॉइंगवर कॉलमचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ५.०० लिहिलेलं असतं. कॉलमची त्या दिशेची बाजू ३०० मि.मी. असेल तर मोकळे ४.७० राहतात, प्लास्टर झाल्यावर ४.६६ च्या आसपास. कागदावर दोन गाड्या, प्रत्यक्षात एक गाडी आणि एक स्कूटर. जोत्याला कॉलमच्या तोंडापासून तोंडापर्यंत माप घ्या. कमी भरलं तर सुधारित नकाशा तेव्हाच मागवा. वर चार मजले झाल्यावर कॉलम कोणी हलवू शकत नाही, आणि मग सामासिक अंतरात किंवा बाहेर रस्त्यावर गाड्या लागतात.

भोगवट्याच्या वेळी हेच पार्किंग पुन्हा बघा. पाणी चढवायच्या पंपाची खोली, वॉचमनची खोली, मीटर पॅनल हे नकाशात जिथे दाखवलंय तिथेच आहे का? शटरचा गाळा बसवण्यासाठी बीमखाली खाच ठेवलेली असेल किंवा लोखंडी पट्टी गाडलेली असेल, तर दुकान करायचा बेत आहे. विचारून लिहून घ्या.

बाल्कनीचं उत्तर मंजुरीच्या तारखेवर आहे. यूडीसीपीआरनंतरच्या नकाशात बांधीव क्षेत्र पी-लाईनने (मजल्याच्या बाहेरच्या परिघाच्या रेषेने) मोजतात, बाल्कनी त्या रेषेच्या आत धरलेली असते. त्यामुळे तिथे क्षेत्र वाढत नाही. प्रश्न उरतो तो खोलीला उजेड-वारा आणि नकाशाशी जुळण्याचा. जुन्या नियमावलीत मात्र बाल्कनी चटई क्षेत्राबाहेर मिळालेली असायची. ती बंद केली की क्षेत्र वाढलं. म्हणून आधी मंजुरीचं वर्ष आणि क्षेत्रफळाचा तक्ता बघा, मग शेरा लिहा. एकाच गल्लीतल्या दोन इमारतींना दोन वेगळी उत्तरं असू शकतात.

भोगवट्याला जिन्याचं एक माप विसरू नका. एकाच टप्प्यातल्या सगळ्या पायऱ्यांची उंची सारखी आहे का, ते टेपने बघा. फरशी बसवताना पहिली आणि शेवटची पायरी हमखास वेगळी होते. बाकीच्या १६० आणि शेवटची १९५ असेल, तर अंधारात उतरणारा माणूस तिथेच अडखळतो. गच्चीचा कठडा फरशीच्या वरून किमान १ मी. हवा. वॉटरप्रूफिंगचा कोबा ठिकठिकाणी १०० मि.मी.हून जाड होतो आणि स्लॅबवरून मोजलेला कठडा तेवढा खाली जातो. माप कोब्याच्या सर्वांत उंच ठिकाणी घ्या.

लिफ्ट असेल तर नुसतं चालू आहे म्हणून सोडू नका, विद्युत निरीक्षक विभागाचा परवाना फाईलला हवा. अग्निशमनाचा अंतिम दाखला आणि मंजुरीच्या अटींमधलं जलपुनर्भरण यांचंही तसंच. खड्ड्यात फिल्टरची खडी-वाळू खरंच भरली आहे का, ते झाकण उघडून बघा. पुष्कळदा गच्चीवरून आलेला पाइप जमिनीखाली वळून थेट गटारात सोडलेला असतो.

---

ओळंबा

वरच्यात एक भर. आठ मापं लिहिलेल्या नकाशाच्या प्रतीवर जागेवरच परवानाधारकाची सही आणि तारीख घ्या, तुमचीही करा, आणि ती मूळ प्रत फाईलला लावा. १.२९ सारखं कमी माप निघालं तर सहीला टाळाटाळ होते. तेव्हा 'सहीस नकार दिला' असं लिहून, वेळ टाकून, हजर असलेल्या दुसऱ्या माणसाची सही घ्या. नंतर माप बदलून पुन्हा तपासणीचा अर्ज आला, तर तो नव्या प्रतीवर करा. जुन्या प्रतीवर खाडाखोड नको.